नावांचा विग्रह

जुन्या पार्ट्यांच्या बिलावर पत्ता पूर्ण येत होता आणि नव्या पार्ट्यांच्या बिलावर अर्धा. इचलकरंजीहून एका सूत व्यापाऱ्याचा फोन आला, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर पत्त्याची दुसरी ओळच खातंय बघा. टेम्पोवाला दोन तास गोडाऊन शोधत फिरला की." मी माफी मागितली, त्यांनी जोडलेली पार्टी उघडली, तर पत्त्याची दुसरी ओळ खरंच रिकामी. त्यांनी ती भरली होती, सेव्ह झाल्याचा हिरवा पट्टाही आला होता. कुठे एरर नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही.

तारखा लावून पाहिल्यावर धागा सापडला. गुरुवारपर्यंतच्या सगळ्या पार्ट्या ठीक, शुक्रवारपासूनच्या अर्धवट. गुरुवारी रात्री मी नावं बदलणारा नवा कोड लाईव्ह केला होता.

हा नावं बदलण्याचा प्रकार काय, ते आधी सांगते. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. माहिती राहते पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, पडद्यावरचं सगळं जावास्क्रिप्ट या भाषेत. पोस्टग्रेसमध्ये कॉलमच्या नावातले शब्द अंडरस्कोरने जोडायची पद्धत आहे: पिन_कोड, पार्टी_नेम. याला स्नेक केस म्हणतात, सापासारखं जमिनीला चिकटून चाललेलं. ही नुसती आवड नाही. अवतरणात न घातलेलं कुठलंही नाव पोस्टग्रेस स्वतःहून स्मॉल अक्षरांत आणतो, त्यामुळे नवा शब्द कॅपिटलने सुरू केला तर ती खूण तिथे पुसलीच जाते. अंडरस्कोर मात्र टिकतो. जावास्क्रिप्टमध्ये रिवाज कॅमल केसचा: शब्द एकमेकांना चिकटवायचे आणि दुसऱ्या शब्दापासून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, ते उंटाच्या कुबडासारखं वर येतं. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसची तिसरीच तऱ्हा, मधे आडवी रेघ: फॉन्ट-साइझ. सळईत ओवलेल्या तुकड्यांवरून त्याला केबॅब केस म्हणतात. ते जावास्क्रिप्टच्या नावात चालत नाही, कारण तिथे ती रेघ म्हणजे वजाबाकी.

यातले स्नेक आणि केबॅब मी इथे देवनागरीत लिहून दाखवू शकते, कॅमल नाही. 'पिनकोड' असं लिहिलं की दुसरा शब्द कुठे सुरू झाला हे सांगणारी खूणच उरत नाही. मराठी शाळेत पहिली लिपी, दुसरी लिपी म्हणून जी घोटून घेतली ती इंग्रजीची. आपल्या अक्षरांना कॅपिटल आणि स्मॉल अशी दोन रूपंच नाहीत. ही गोष्ट पुढे मला चांगलीच नडली.

आधी आमच्याकडे हे रूपांतर हाताने व्हायचं. प्रत्येक फॉर्ममागे वीस-पंचवीस ओळी: इकडचं हे नाव म्हणजे तिकडचं ते नाव. नवा कॉलम आला की दोन्ही बाजूंना भर घालायची, एखादी बाजू विसरली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून एकच दरवाजा करायचं ठरवलं. डेटाबेसमधून बाहेर येताना सगळी नावं कॅमल, आत जाताना सगळी स्नेक. लोडॅश ही लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, आमच्याकडे होतीच, आणि तिच्यात कॅमलकेस, स्नेककेस, केबॅबकेस ही फंक्शनं तयार मिळतात.

पहिली ठेच लगेच लागली. ऑब्जेक्ट म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा गठ्ठा, आणि त्यातली नावं बदलायला लोडॅशमध्ये मॅपकीज नावाचं फंक्शन आहे. मी त्याला पार्टीची नोंद दिली, कॅमलकेस दिलं, आणि निकाल पाहून चक्रावले: 'पिन_कोड'च्या जागी प्रत्यक्ष पिन नंबरच नाव होऊन बसला होता, 'पार्टी_नेम'च्या जागी व्यापाऱ्याच्या दुकानाचं नाव. साध्या लोडॅशमध्ये मॅपकीज आपल्या हातातल्या फंक्शनला आधी किंमत देतं आणि मग नाव. कॅमलकेस बिचारं पहिली मिळालेली गोष्ट घेऊन कामाला लागलं.

तिथून मी लोडॅशच्या एफपी, म्हणजे फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भागाकडे वळले. २०१६ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तो लायब्ररीतच मिळतो. फंक्शनं तीच, मांडणी फंक्शनल: आधी काय करायचं ते द्या, कशावर करायचं ते शेवटी. अर्धंच दिलं तर एरर येत नाही, उरलेल्याची वाट पाहणारं नवं फंक्शन हातात येतं. आणि आत दिलेल्या फंक्शनपुढे तो एकच गोष्ट ठेवतो, मॅपकीजच्या बाबतीत फक्त नाव. त्यामुळे मॅपकीजला कॅमलकेस दिलं की तेवढंच एक पूर्ण फंक्शन होतं. त्यात पार्टी घाला, बिल घाला, मालाची यादी घाला. फोडणी आधी करून ठेवावी आणि भाजी हाताशी येईल ती पडावी, तसं. शिवाय मूळ ऑब्जेक्टला धक्का लागत नाही, प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो. ही मांडणी मला मनापासून आवडते, आणि पुढे जे झालं त्यानंतरही ते मत बदललेलं नाही.

मॅपकीज फक्त वरच्या थरातली नावं बदलतं. बिलाच्या आत ओळी, ओळीच्या आत टॅक्स, म्हणून स्वतःलाच पुन्हा बोलावत आत शिरणारं रिकर्शन मी लिहिलं. त्यात तारखा गेल्या. पोस्टग्रेसची तारीख-वेळ जावास्क्रिप्टमध्ये डेट ऑब्जेक्ट म्हणून येते, माझं फंक्शन "ऑब्जेक्ट दिसला, शिरा आत" म्हणत तिच्यात शिरलं, आत बदलण्याजोगं नाव एकही नव्हतं आणि बाहेर पडला रिकामा महिरपी कंस. साधा ऑब्जेक्ट असेल तरच आत जा, अशी अट घातल्यावर ते मिटलं. हे मला माझ्याच मशीनवर दिसलं, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही. पत्त्याचं तसं झालं नाही.

आमच्या पार्टीच्या टेबलात पत्त्याचे दोन कॉलम आहेत: 'अ‍ॅड्रेस' आणि 'अ‍ॅड्रेस_लाइन२'. दोनाच्या आधी अंडरस्कोर नाही. कॅमलकेसने याचे तीन तुकडे केले, अ‍ॅड्रेस, लाइन आणि २, आणि चिकटवून कॅमलमधलं नाव बनवलं. पडद्यावर सगळं ठीक दिसलं. फॉर्म भरून परत पाठवला की त्याच नावावर स्नेककेस चालायचं. तेही तेच तीन तुकडे करायचं, पण या वेळी तिन्हींच्या मधे अंडरस्कोर घालायचं: 'अ‍ॅड्रेस_लाइन_२'. लोडॅश अक्षर आणि आकडा यांच्यामध्ये सहसा शब्दाची सीमा मानतं. असा कॉलम आमच्याकडे नाही. पोस्टग्रेसने तो पाहिला असता तर तिथल्या तिथे ओरडला असता. पण त्याआधी मी एक चाळणी लावली होती: टेबलाला माहीत असलेले कॉलमच पुढे पाठवा, बाकीचे गाळा. काळजी म्हणून लावलेल्या त्या चाळणीने ताकास तूर न लागू देता पत्त्याची दुसरी ओळ गाळली. वाचण्याची दिशा बरोबर असल्यामुळे जुन्या पार्ट्यांचे पत्ते दिसत राहिले.

त्या संध्याकाळी पहिलं काम केलं ते चाळणी काढण्याचं. अनोळखी नाव आलं तर सेव्ह होऊ देऊ नका, स्पष्ट एरर द्या. दुसरं, त्या एका नावासाठी हाताने जोडी लिहिली. मग रात्री शांतपणे बसले आणि प्रश्न उलटा घातला: असं दुसरं कुठलं नाव आहे, जे जातं एक आणि परत येतं वेगळं?

पोस्टग्रेसमध्ये आपल्या सगळ्या टेबलांच्या कॉलमची यादी एका साध्या क्वेरीने मिळते. ती काढली, प्रत्येक नाव कॅमल केलं, पुन्हा स्नेक केलं आणि मुळाशी ताडून पाहिलं. एफपीमध्ये ही दोन फंक्शनं एकामागे एक जोडायला एक ओळ पुरते. सतरा नावं नापास झाली. बहुतेक आकड्यांची: 'फोन२', 'रेट१'. एका टेबलात तर 'रेफ१' आणि 'रेफ_१' असे दोन वेगळे कॉलम होते. कॅमलमध्ये दोघांचं नाव एकच होतं, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याने पुसली जाणार. दोन कॉलम अंडरस्कोरने सुरू होणारे होते, तो पहिला अंडरस्कोर लोडॅश काढून टाकतं आणि तो परत येत नाही.

कॅमल केलेलं परत आणायचं म्हणजे अक्षरं बदलायची नसतात, शब्द कुठे तुटतात ते शोधायचं असतं, हे मला त्या यादीसमोर बसून कळलं. शाळेत सामासिक शब्दाचा विग्रह करायला लावायचे, तेच हे काम. विनाकारण म्हणजे विना अधिक कारण. पण म्हणून 'विना' दिसलं की तोडा असा नियम केला, तर विनायकाचं काय होईल? तिथे फोड वि अधिक नायक अशी आहे. रूपावरून विग्रह करणारा नियम कधी ना कधी चुकतोच, कारण सीमा अर्थात असते.

कॅपिटल अक्षरांच्या बाबतीत हे फार लवकर समोर येतं. आमच्या मालाच्या फॉर्मवर एक खूप जुनं नाव आहे: एचएसएन, एसएसी आणि कोड हे तीन शब्द चिकटवलेले, पहिली दोन संक्षेपं पूर्ण कॅपिटलमध्ये. जीएसटीत वस्तूंना एचएसएन कोड लागतो आणि सेवांना एसएसी, दोन्हींसाठी आमच्याकडे एकच खाना. कॉलमचं नाव 'एचएसएन_एसएसी_कोड'. लोडॅशला शेवटचा 'कोड' बरोबर ओळखता येतो, कारण तिथे एका कॅपिटलमागून स्मॉल अक्षरं सुरू होतात. पण त्याआधीची सलग सहा कॅपिटल अक्षरं? तीन अधिक तीन, हे जीएसटी भरणाऱ्या माणसाला दिसतं, फंक्शनला दिसणं शक्य नाही. त्याने 'एचएसएनएसएसी_कोड' दिलं, आणि त्याच्याकडे असलेल्या माहितीवर ते उत्तर योग्यच आहे.

याहून भोळा नियम म्हणजे प्रत्येक कॅपिटलआधी अंडरस्कोर घालायचा. इंटरनेटवर दोन ओळींत मिळणारे बरेच उपाय असेच असतात. त्याने 'जीएसटीआयएन' (जीएसटी नंबर) या पाच इंग्रजी अक्षरांचे पाच शब्द होतात: जी_एस_टी_आय_एन. मोठमोठ्या लायब्रऱ्यांनाही इथे दुरुस्ती करावी लागली आहे. हास्केल या भाषेत जेसनसाठी (माहिती मजकुरात लिहायची एक पद्धत) एसन नावाची लायब्ररी आहे, तिच्यात या कामाला आधी 'कॅमलटू' नावाचं फंक्शन होतं, मग 'कॅमलटू२' आलं, आणि दोघांतला फरक तिच्या माहितीपानावर एकाच उदाहरणाने दाखवला आहे: कॅमल, एपीआय, केस या तीन शब्दांच्या चिकटलेल्या नावाचं जुनं फंक्शन 'कॅमल_एपीआयकेस' करतं आणि नवं 'कॅमल_एपीआय_केस'. ब्राउझरमध्ये तर एकाच नावात दोन रिवाज नांदतात. एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट या प्रसिद्ध नावात एक्सएमएल पूर्ण कॅपिटल आहे आणि एचटीटीपीचा फक्त एच.

मग माझा कोड मी पुन्हा लिहिला, यावेळी दोन टप्प्यांत. एक फंक्शन नावाची फोड करून शब्दांची यादी देतं. दुसरं त्या यादीला हव्या त्या पद्धतीने जोडतं. मधे फक्त यादी. आम्हाला पाच पद्धती लागतात: कॅमल, पास्कल (कॅमलच, पण पहिल्या शब्दाचंही पहिलं अक्षर कॅपिटल), स्नेक, केबॅब आणि सेटिंगसाठी कॅपिटलमधली स्नेक. प्रत्येकीतून प्रत्येकीत थेट जायचं तर वीस फंक्शनं लागली असती. यादी मधे ठेवली की फोडणारी पाच आणि जोडणारी पाच, दहात काम झालं. लोडॅशही आतून हेच करतं, आधी वर्ड्‌स हे फंक्शन चालवतं आणि मग जोडतं. फरक एवढाच, की आता फोड माझ्या ताब्यात आली. आकडा आधीच्या शब्दाला चिकटूनच राहील असा नियम मी घातला. तरीही जी नावं नियमात बसेनात त्यांची एक छोटी तक्ता-फाईल केली. पहिलीच नोंद एचएसएन-एसएसीची.

माझ्या सहकाऱ्याने कोड वाचताना विचारलं, "अगं, तक्ताच ठेवायचा तर मग फंक्शन कशाला? आधीसारखं सगळंच तक्त्यात घालू." रास्त प्रश्न होता. मी त्याला ताडून पाहणारी टेस्ट दाखवली. आता कोणी नवा कॉलम जोडला आणि त्याचं नाव जाऊन-येऊन तेच राहत नसेल, किंवा दोन नावं एक होत असतील, तर टेस्ट लाल होते आणि कोड पुढे जात नाही. तक्त्यात भर घालायची आठवण माणसाला ठेवावी लागत नाही. सतरापैकी सहा नावांना आम्ही तक्ता न देता कॉलमच बदलून घेतले, आणि ते जास्त बरं झालं.

टेस्ट कॉलमची नावं तपासते. पण ऑब्जेक्टमधलं प्रत्येक नाव हे कॉलमचं नसतं, हे आणखी दोन दिवसांनी उमगलं. आमच्या महिन्याच्या टॅक्स रिपोर्टमध्ये प्रत्येक पार्टीची बेरीज तिच्या जीएसटी नंबराखाली ठेवलेली असायची, म्हणजे नंबर हेच नाव. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा: आधी राज्याचे दोन आकडे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, मग दहा अक्षरी पॅन, मग उरलेली तीन. कॅमलकेसने त्याचेही आकड्या-अक्षरांवर तुकडे केले आणि पॅनच्या सुरुवातीच्या पाच कॅपिटल अक्षरांतली चार स्मॉल केली. रिपोर्टमध्ये बेरीज बरोबर, नंबर बिघडलेला. जी माहिती आहे तिला नावाच्या जागी बसवणं हीच मुळातली चूक होती. मी त्या रिपोर्टचा आकार बदलला: आता तो ओळींची यादी देतो, आणि नंबर त्या ओळीतली एक किंमत आहे.

याच प्रकारात मराठी सापडली. व्यापाऱ्यांना बिलावर स्वतःचे जादा रकाने घालता येतात आणि ते आम्ही जेसन म्हणून जसेच्या तसे ठेवतो. एकाने 'गाडी क्रमांक' असा रकाना केला होता. कॅमलकेसने मधली जागा काढली आणि 'क'ला कॅपिटल करायला गेलं. कॅपिटल 'क' नाहीच. उरलं 'गाडीक्रमांक', आणि त्यात परत यायला खूण नाही. मला वाटलं, माझी फोड वापरली तर हे सुटेल. माझ्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात अक्षरांचे साचे शोधणाऱ्या सूत्रात, नियम होता: यूनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची जागतिक यादी) हिशेबी जे अक्षर ते शब्दातलं, बाकी सगळं सीमा. निकाल आला:

ग_ड_क_रम_क

मी तो बराच वेळ बघत बसले. यूनिकोडमध्ये 'ग' हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हे अक्षरांच्या वर्गात नाहीत, ते 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी माझा नियम शब्द तोडत होता. 'रम' एवढेच दोन शेजारी राहिले, कारण त्यांच्यामध्ये मात्रा नव्हती. नियमात अक्षरांबरोबर मार्कचाही वर्ग घातला, तेव्हा शब्द सलग आले. ज्या भाषेत मी दिवसभर बोलते तिची अक्षरं माझ्याच कोडने सोलून काढलेली पाहणं मला फार लागलं, आणि तो नियम मी दोनदा-तीनदा वेगवेगळ्या मराठी शब्दांवर चालवून पाहिल्याशिवाय उठले नाही.

शेवटी जादा रकान्यांच्या आत शिरायचंच नाही असं ठरलं. माणसाने टाईप केलेलं नाव आहे, ते आहे तसं राहील. मार्कची दुरुस्ती फोडीच्या फंक्शनमध्ये ठेवलीच, कारण मराठी नावं उद्या दुसऱ्या वाटेने येतील.

दुसरीकडे हे सगळं चालू असताना एक काम आठवडाभर रोज थोडं थोडं करत होते. शुक्रवारपासून फोन येईपर्यंत जोडलेल्या पार्ट्यांच्या पत्त्याची दुसरी ओळ आमच्याकडे कुठेच नव्हती. चाळणीने ती पोस्टग्रेसपर्यंत पोचूच दिली नव्हती, त्यामुळे बॅकअपमध्येही नव्हती. ती परत मिळवण्याचा एकच मार्ग होता. रोज दुपारी जेवणानंतर यादी घेऊन बसायचे आणि एकेका व्यापाऱ्याला फोन लावायचे. काय झालं ते सांगायचे, आणि ते सांगतील तसं लिहून घ्यायचे. "मारुतीच्या देवळामागं." "सूतगिरणीच्या गेटसमोर, पिवळं शटर." एका काकांनी बिलबुक शोधायला पाच मिनिटं घेतली आणि मग सावकाश, अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. शनिवारी संध्याकाळी शेवटची पार्टी राहिली होती, तीच, जिच्यामुळे पहिला फोन आला होता. इचलकरंजीला फोन लावला. त्यांनी गोडाऊनचा पत्ता सांगितला, मी भरला, सेव्ह केलं, आणि त्यांना म्हटलं, "एक बिल काढून बघता का, मी लाईनवर आहे."

प्रिंटर चालल्याचा आवाज आला. "आलं बघा मॅडम," ते म्हणाले, "दोन्ही ओळी."